मुलं येऊन सांगतील, अशी शाळा आधी करा

प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना तंत्रज्ञान सुरक्षितपणे आणि जबाबदारीने वापरायला शिकवण्याचं काम मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे दिलं आहे. त्या विचारतात: सायबर पोलिसांचं एक व्याख्यान ठेवलं तर पुरेल, की स्वतः तास घ्यावेत? बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नाही, घरातला एकच फोन सगळे वापरतात, मग शिकवायचं नेमकं काय? आणि मुलं आपल्याला खरं सांगतील का?

मॅडम, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. मी विज्ञान शिकवते आणि बरीच वर्षं हा विषयही माझ्याकडे आहे. या कामातलं बाकी सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

व्याख्यान जरूर ठेवा. वर्दीतला माणूस बोलला की मुलं लक्ष देऊन ऐकतात. पण तासाभराच्या व्याख्यानातून मुलांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की फोनवर अमुक केलं तर गुन्हा होतो, तमुक केलं तर शिक्षा होते. सभागृहात मागे बसलेल्या ज्या मुलीने ओळख नसलेल्या कोणाला तरी फोटो पाठवलेला असतो, ती त्या दिवसापासून आणखी गप्प होते. आपलं काम नेमकं तिच्यासाठी आहे.

धमकी देणाऱ्याची पद्धत सगळीकडे सारखीच असते. आधी गोड बोलायचं, मग एखादा फोटो किंवा व्हिडिओ कॉल मिळवायचा आणि मग म्हणायचं, "तुझ्या घरी पाठवू का?" त्याच्याकडे दुसरं हत्यार नसतं. ते हत्यार चालतं, कारण घरी कळलं तर काय होईल याची मुलांना पक्की कल्पना असते. मुलीचा फोन तर बंद होतोच, पण नववी-दहावीच्या मुलीला शाळा सुटण्याची आणि घरात स्थळांचा विषय निघण्याची भीती असते, आणि ती भीती उगाच नसते. मुलग्यांचं दुखणं वेगळं. मुलीच्या नावाने आलेल्या आयडीवरून व्हिडिओ कॉल येतो, पलीकडून रेकॉर्डिंग होतं आणि पैशांची मागणी सुरू होते. मुलगे हे मुलींपेक्षाही कमी सांगतात, कारण मार आणि चेष्टा या दोन्हींची त्यांना खात्री असते. म्हणून "मुलींसाठी सायबर सुरक्षा" असा तास ठेवून मुलग्यांना मैदानावर पाठवू नका.

तेव्हा पहिला तास मुलांचा न घेता शिक्षकांची बैठक घ्या. सांगायला आलेल्या मुलाशी शाळेत कोण कसं वागणार, हे तिथे ठरवून लिहून काढा आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. "तू मुळात फोन घेतलासच कशाला?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. मुलाचं नाव स्टाफरूममध्ये निघणार नाही. पालकांना सांगायची वेळ आली, तर आधी मुलाशी बोलून, शक्यतो त्याच्यासोबत बसून सांगायचं. आणि "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कोणत्याही शिक्षकाने द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. त्याऐवजी म्हणा, "जे करायचं ते तुला सांगून करू." मुलांना हे समजतं आणि पटतंही.

वचन का पाळता येत नाही, तेही सांगते. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा ठरतो आणि संस्थेच्या प्रमुखावर त्यात वेगळी जबाबदारी आहे. त्यामुळे "शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू" हा सल्ला कितीही वडीलधाऱ्या माणसाने दिला, तरी तो ऐकायचा नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती तुमच्याकडे कागदावरच असेल, तर या निमित्ताने तिची खरी बैठक घ्या.

आता प्रत्यक्ष मूल समोर येऊन उभं राहिलं तर. आधी बसवा, पाणी द्या, ऐकून घ्या. पैसे मागत असतील तर एक रुपयाही द्यायचा नाही, हे स्पष्ट सांगा, कारण एकदा पैसे मिळाले की मागणी वाढत जाते. घाबरून अकाउंट किंवा चॅट डिलीट करू देऊ नका. ब्लॉक करण्याआधी त्या आयडीचं पूर्ण नाव, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, एवढं जपून ठेवा. पुढची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात दोनदा सांगते. तो फोटो "पुरावा म्हणून" स्वतःच्या फोनवर मागवू नका, मुख्याध्यापकांना पाठवू नका, कोणालाही दाखवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार मुलांचं असं चित्रण पाठवणं आणि साठवणं हाच गुन्हा आहे. हेतू चांगला होता हे नंतर समजावत बसावं लागेल, आणि मुलाची विटंबना आणखी एकदा होईल ती वेगळीच. मुलाच्या फोनवर आहे ते तिथेच राहू द्या, पोलीस बघतील.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरायच्या आत थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे. मूल फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानस १४४१६ वर मानसिक आरोग्याची मदत मिळते आणि अशा मुलाला त्या दिवशी एकटं घरी सोडायचं नाही.

आणखी एक सोय फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉयटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा २०२३ पासून चालू आहे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या खाजगी फोटोसाठी ती आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. मग त्या तोच फोटो ओळखून काढून टाकू शकतात. नावही द्यावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या बंदिस्त चॅटमध्ये याचा उपयोग होत नाही, हे मुलाला आधीच सांगा. तरीसुद्धा "एकदा नेटवर गेलं की कायमचं गेलं" हे वाक्य वर्गात वापरू नका. घाबरवण्यासाठी आपण ते म्हणतो, पण ज्याचा फोटो खरोखर गेला आहे त्याला ते ऐकून सगळं संपलं असं वाटतं. काढून टाकता येतं, मदत मिळते, लवकर सांगितलं तर जास्त मिळते, हेच सांगा.

घरात एकच फोन, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यामुळे काम कमी होत नाही, उलट त्या फोनवर बाबांचं बँक खातं असतं, आईचा आधार जोडलेला असतो, भावाच्या चॅट असतात आणि त्याच फोनवर धाकटी गेम खेळते. आणि घरात फोन सगळ्यात चांगला कोणाला कळतो? तुमच्या आठवीतल्या मुलाला. आजोबांना पैसे पाठवून देणारा, आईला फॉर्म भरून देणारा तोच. म्हणून त्याला घरचा जाणकार समजून शिकवा. मुलं असं शिकताना फार मन लावतात.

वर्गात दोघांची जोडी करून नाटुकलं बसवा. एक फोन करणारा, एक घेणारा. "तुमच्या खात्यात चुकून पाच हजार आलेत, मेसेज बघा, परत पाठवता का?" मुलांनी शिकायचं ते असं: मेसेजवर विश्वास नाही, ॲप उघडून शिल्लक बघायची. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, शेतकरी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती पत्रिका किंवा यादी नसून फोनचा ताबा घेणारं ॲप असू शकतं. व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारा पोलीस खोटाच असतो, कायद्यात तसं काही नाही. नाटुकलं झालं की गृहपाठ एवढाच द्या, की आज रात्री हे घरातल्या दोन मोठ्या माणसांना शिकवायचं आणि त्यांचे प्रश्न उद्या वर्गात आणायचे. ते प्रश्न माझ्या कुठल्याही टिपणापेक्षा उपयोगी पडले आहेत.

"ही आयडी तुला कोणी काढून दिली?" हे एकदा वर्गात विचारून पाहा. चुलत भावाने, शेजारच्या दादाने, मोबाईलच्या दुकानात, अशी उत्तरं येतील. म्हणजे पासवर्ड त्याला माहीत आहे, किंवा रिकव्हरीला, म्हणजे खातं परत मिळवायला, त्याचा नंबर आहे. "मॅडम, आयडी हॅक झाली" म्हणून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी आधी इथेच बघते. पासवर्ड बदलणं, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तपासणं, व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून आपलं चॅट आणखी कुठे चालू आहे का ते बघणं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावणं, हे सगळं एका तासिकेत होतं. फोन नसेल तर शिक्षकाचा एक फोन प्रोजेक्टरला जोडून दाखवा. जन्मवर्ष खोटं टाकून काढलेल्या आयडींबद्दलही बोला. इन्स्टाग्राम अठराखालच्या मुलांचं खातं आपोआप खाजगी ठेवतं आणि अनोळखी माणसाचे मेसेज अडवतं, पण वय वीस टाकलं की ते संरक्षण मिळतच नाही. हे कारण कळलं की काही मुलं स्वतःहून वय दुरुस्त करतात.

दहावीच्या वर्गासाठी एक विषय राखून ठेवा, तो म्हणजे भाड्याने दिलेलं बँक खातं. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पैसे देतो" असं कोणीतरी ओळखीचंच सांगतं. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा पोचतात ते खातेदाराकडे. अकरावी-बारावीला खातं उघडलेली आणि शिकायला पुणे-नाशिकला गेलेली मुलं यात अडकतात, म्हणून शाळा सोडण्याआधी हे त्यांच्या कानावर घातलंच पाहिजे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली आहे, तेही इथेच सांगून टाका.

इथपर्यंत मूल बळी होणार नाही याची काळजी झाली. पण जबाबदारी शिकवायची तर आपल्या बोटाने दुसऱ्याचं काय होतं ते शिकवावं लागतं. त्यासाठी मी राईनपाड्याची घटना सांगते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार मारलं. त्यांचा काहीही संबंध नव्हता. त्याच वर्षी मुलं पळवण्याचा म्हणून देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृती फितीचा तुकडा होता. मोटारसायकलवरचा माणूस मुलाला उचलून नेतो आणि लगेच परत आणून सोडतो, हातात सूचनेचा फलक धरतो, असा तो शेवट होता. फिरवणाऱ्यांनी तो शेवट कापला होता. त्या जुलैमध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

हे सांगून झालं की मी वर्गाला एकच प्रश्न देते: हा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना वाटलं असेल की आपण लोकांना सावध करतोय? उत्तरावर मुलं बराच वेळ बोलतात. त्यानंतर "मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो अनेकांकडून फिरत आला आहे", "बातमी असेल तर ती कुठल्या दैनिकात आहे ते बघ", "मूळ व्हिडिओ पूर्ण बघ" हे नियम सांगायला दोन मिनिटं पुरतात.

वर्गातल्या वर्गातलं नुकसानही असंच होतं. शिक्षकाच्या फोटोचं स्टिकर, एखाद्या मुलीच्या नावाने खोटं अकाउंट, ग्रुपवरून एकालाच काढून टाकणं, आता एआय वापरून वर्गाच्या फोटोतल्या मुलीचा खोटा अश्लील फोटो. यातली खोटी अकाउंटं आणि फोटो हे गुन्हे आहेत, हे सांगाच: माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख वापरणं कलम ६६ क, तोतयेगिरी करून फसवणं ६६ ड. पण करणारंही अठराखालचं मूल असतं आणि त्याच्यासाठी कायद्याने बाल न्याय मंडळ ठेवलं आहे. त्याला परिपाठाला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावण्याचा मोह टाळा. त्याने त्या मुलीचं नाव अख्ख्या शाळेला कळतं. पोक्सोखाली येणारं प्रकरण नसेल, तर दोन्ही पालकांसमोर, बंद खोलीत, आणि आधी त्रास झालेल्या मुलाला काय हवं आहे ते विचारून पुढे जा. (काही जुन्या माहितीपत्रकांत अजून ६६ अ हे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं कलम छापलेलं दिसतं. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकच्या पोस्टवरून झालेल्या अटकेनंतर ते कलम न्यायालयात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते रद्द केलं. मुलांना चुकीचं कलम शिकवू नका, आणि मत मांडणं हा गुन्हा नाही हेही त्यांना कळू द्या.)

एआयवर गृहपाठ करून आणण्याबद्दल फार लांबण लावत नाही. बंदी घालून थांबणार नाही. मुलांना आपल्याच गावाची माहिती त्याला विचारायला सांगा: ग्रामदैवत कोणतं, जत्रा कधी, नदी कोणती. ठसक्यात दिलेल्या चुका मुलंच शोधून काढतात, आणि एकदा आपल्या गावाबद्दल तो चुकला हे पाहिलं की इतिहासाच्या उत्तरावरही आंधळा विश्वास ठेवत नाहीत. आधार, पत्ता, घरातली भांडणं, स्वतःचे फोटो त्याला द्यायचे नाहीत, एवढं बजावा.

आता शाळेचं स्वतःचं वागणं. आपण मुलांना खाजगी माहिती जपायला सांगतो आणि शिष्यवृत्तीच्या यादीत आधार क्रमांक, खाते क्रमांक, पालकांचे फोन असं सगळं पालकांच्या ग्रुपवर टाकतो. स्नेहसंमेलनातल्या मुलींचे फोटो पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडीसह सार्वजनिक पेजवर जातात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठराखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. यादी ज्याची त्याला वेगळी पाठवा किंवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाका. फोटो मुलांना विचारून टाका, नाव न देता. आणि शिक्षकाने विद्यार्थ्याशी रात्री वैयक्तिक चॅट करायचं नाही, काही कळवायचं तर पालक असलेल्या ग्रुपवर, हा नियम सगळ्यांना सारखा लावा, अगदी सगळ्यात लाडक्या सरांनाही. मोठ्या माणसाने गुपचूप मेसेज करणं चुकीचं आहे, हे मुलांना ओळखता यायचं असेल, तर चांगल्या शिक्षकांनी तसा मेसेज कधीच करता कामा नये.

पालकसभेत "मोबाईलपासून मुलांना दूर ठेवा" असं बोललं की टाळ्या मिळतात, घरी काही बदलत नाही. त्याऐवजी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण द्या. २०२२ मध्ये या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की टीव्ही बंद करायचा तर मोठ्यांनाही तो सोडावा लागतो. पालकांकडून फक्त दोन गोष्टी मागा. एक, रात्री सगळ्यांचे फोन, आईबाबांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. दुसरी, मुलाने काही सांगितलं तर फोन काढून घ्यायचा नाही आणि मुलीची शाळा बंद करायची नाही, असा शब्द मुलांच्या देखत द्यायचा. दुसऱ्या मागणीला काही बाप गप्प बसतात. त्यांच्याशी सभेनंतर वेगळं बोला, बऱ्याचदा घडून गेलेलं काहीतरी तिथे कळतं.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर पंधरा दिवसांतून एक तासिका वर्षभर मिळाली तर उत्तम, नाहीतर कार्यानुभव किंवा मूल्यशिक्षणाच्या तासिका मागून घ्या. क्रम असा ठेवा: सांगायचं कोणाला आणि कसं, मग आयडीची दुरुस्ती, मग पैसे, मग अफवा, मग एआय. पहिल्या तासाला १९३० आणि १०९८ हे क्रमांक मुलांना वहीच्या आतल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहायला लावा, शेजारी शाळेतल्या दोन शिक्षकांची नावं, एक बाई आणि एक सर. तक्रार पेटी आहे तिथून हलवून स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, कार्यालयासमोरच्या पेटीत कोणी चिठ्ठी टाकत नाही. ती दर आठवड्याला दोघांनी मिळून उघडायची. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची तासिका चुकवू नका, कारण सुट्टीत फोन दिवसभर हातात असतो. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तुमचे दोन तास मोकळे ठेवायला मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा, त्या आठवड्यात मुलं येतात.